गरोदरपणातली घेरी : पैसे कुठे लागतात, कुठे नाहीत

गरोदर बाईला घेरी आली की आपल्याकडे मालवण भागात पहिला उपाय ठरलेला असतो : दवाखान्यात न्यायचं आणि 'एक बाटली लावून घ्यायची'. सलाइन, त्यात इंजेक्शन आणि घरी येताना टॉनिक, म्हणजे पाचशे-हजार रुपये सहज जातात. तासाभराने तरतरी येते, पण रक्त कमी असेल तर सलाइनने ते वाढत नाही. उलट्या होऊन अंगातलं पाणी गेलं असेल तर सलाइन हवंच. एरवी आधी कारण शोधायला हवं, आणि त्याला सरकारी केंद्रात पैसे पडत नाहीत.

गरोदरपणात रक्तवाहिन्या सैलावतात आणि रक्तदाब थोडा उतरतो. त्यात एप्रिल-मेचा घामट उकाडा, पहाटे नुसत्या चहावर मासळीच्या लिलावाला उभं राहणं, काजीच्या बागेत वाकून बिया वेचणं. वाकलेली बाई झटकन उठते आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. अशा वेळी आहात तिथेच खाली बसा, जमलं तर डाव्या कुशीवर आडवं व्हा. पाचव्या महिन्यानंतर उताणं झोपल्यानेही गर्भाशयाचा भार मोठ्या रक्तवाहिनीवर पडून गरगरतं. सकाळी उठताना आधी कुशीवर वळा, मिनिटभर खाटेच्या काठावर बसा, मगच उभ्या राहा. दर दोन-तीन तासांनी थोडं खा. नाचणीची आंबील, उकड्या तांदळाची पेज, कुळथाची पिठी हे घरचंच आहे. महागड्या पावडरीच्या डब्याची गरज नाही.

घेरी वरचेवर येत असेल तर दोन गोष्टी तपासायच्या : रक्तदाब आणि हिमोग्लोबिन. उपकेंद्रातली सिस्टर बोटाला सुई टोचून थेंबभर रक्तावर हिमोग्लोबिन सांगते. आकडा 11 च्या खाली असेल तर रक्त कमी, 7 च्या खाली असेल तर थेट मोठं रुग्णालय. खाजगी लॅबमध्ये याच तपासणीला साधारण शंभर ते तीनशे रुपये पडतात. दर महिन्याच्या 9 तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात सरकारी केंद्रांवर गरोदर बायकांची डॉक्टरकडून मोफत तपासणी होते. आचरा, मसुरे यांसारखं जवळचं प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा मालवणचं ग्रामीण रुग्णालय गाठा. जाण्याआधी तपासणी आहे ना, ते आशाताईंना विचारा. खेप वाया गेली की रिक्षाचं भाडं आणि दिवसाची मजुरी दोन्ही बुडतात. घरच्यांनी खरे पैसे बाजूला काढायचे ते याच प्रवासासाठी.

लोहाच्या लाल गोळ्याही फुकट मिळतात. चौथ्या महिन्यापासून रोज एक, निदान 180 दिवस. चहा किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर घेतली तर लोह नीट अंगी लागत नाही. दोन तासांचं अंतर ठेवा. शौच काळी होते, त्याला घाबरून गोळ्या बंद करू नका. पोटात ढवळत असेल तर रात्री जेवणानंतर घ्या. त्याच गोळीसाठी औषधाच्या दुकानात महिन्याला दोनशे-तीनशे रुपये घालवणं मला पटत नाही.

15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत आहेत. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी रुग्णालयातली प्रसूती, सिझेरियन, औषधं, रक्त आणि तिथलं जेवण यांचे पैसे द्यावे लागत नाहीत. घर ते रुग्णालय आणि परतीची गाडीही मोफत, त्यासाठी 102. मातृ वंदना योजनेत पात्र बाईला पहिल्या बाळासाठी दोन हप्त्यांत 5,000 रुपये मिळतात. बाराव्या आठवड्याच्या आत गरोदरपणाची नोंद करा, आधार आणि स्वतःच्या नावाचं बँक खातं तयार ठेवा.

घेरीबरोबर रक्तस्राव, पोटात जोराची कळ, तीव्र डोकेदुखी, नजर धूसर होणं, छातीत धडधड किंवा दम लागणं, बाळाची हालचाल मंदावणं यांतलं काहीही दिसलं, किंवा बाई बेशुद्ध पडली, तर 9 तारखेची वाट पाहू नका आणि बाटलीच्या नादी लागू नका. लगेच 108 लावा. या गाडीचे पैसे लागत नाहीत.