चुकलेली बेरीज

दहावीला गणित शिकवायला लागून मला सव्वीस वर्षं झाली. बोर्डाचे पेपर तपासताना माझी बेरीज कधी चुकली नव्हती. त्या मार्चमध्ये मात्र मॉडरेटरकडून एकाच गठ्ठ्यातले तीन पेपर परत आले. सात, पाच आणि सहा यांची बेरीज मी सोळा लिहिली होती. शेजारच्या बाई म्हणाल्या, "चष्म्याचा नंबर वाढला असेल." मलाही ते पटलं. तोवर माझं वजन सतरा किलोंनी उतरलं होतं आणि भेटेल तो कौतुक करत होता. त्या चुकीचा माझ्या ताटाशी काही संबंध असेल, असं मनातसुद्धा आलं नाही.

सुरुवात झाली भाऊबीज उरकल्यावर. वजन ७७ किलो, उंची पाच फूट दोन इंच, ब्लडप्रेशरची गोळी चालू. वजन उतरवा असं डॉक्टरांनीच सांगितलं होतं आणि ते योग्यच होतं. कसं उतरवायचं हे मात्र मी व्हॉट्सअ‍ॅपवर शिकले. भात, पोळी, भाकरी, साखर बंद. दिवसातून दोनदाच खायचं, मधल्या वेळेत पाणी, पातळ ताक नाहीतर काळी कॉफी. पहिले चार दिवस डोकं ठणकलं, मधल्या सुट्टीत स्टाफरूममधून बटाट्याच्या भाजीचा वास आला की जीव कासावीस व्हायचा. पाचव्या-सहाव्या दिवशी भूक गेली. म्हणजे नुसती दबली नाही, गेलीच. भाकरीकडे बघून काहीच वाटेना.

मला वाटलं, जिंकले! आमच्या घरात उपासाचं मोठं कौतुक. सासूबाई चतुर्थीला चंद्र दिसेपर्यंत पाणीसुद्धा घेत नाहीत. मी मात्र 'एकादशी आणि दुप्पट खाशी' जातीची. साबुदाण्याच्या खिचडीशिवाय माझा उपास कधी झालाच नाही. अशा बाईला अचानक भूकच लागेनाशी झाली, तर तिला तो स्वतःचा निग्रहच वाटणार. पहिल्या आठवड्यात काटा अडीच किलो खाली आला. त्यात चरबी थोडी आणि पाणीच जास्त होतं. शरीर साखरेचा जो साठा ठेवतं त्याच्याबरोबर तिप्पट पाणी धरून ठेवतं, साठा संपला की ते पाणी निघून जातं. हे मला नंतर कळलं. तेव्हा मी फक्त काटा बघत होते.

भूक का गेली, तेही नंतरच कळलं. पिष्टान्न तोडलं की शरीर चरबी जाळायला लागतं, त्यातून कीटोन नावाचे पदार्थ तयार होतात आणि ते रक्तात वाढले की भूक मंदावते. त्यात वर कॉफी, त्यात वर पाण्याचे तांबे. म्हणजे पोट भरलं म्हणून नव्हे, तर भूक लागल्याची घंटा वाजायची थांबली म्हणून मी गप्प होते. घंटा बिघडली म्हणून शाळा भरायची थांबते का? पण मी तसंच धरून चालले होते. भूक नाही तर कशाला खायचं, म्हणून दोन वेळांतलीही एक वेळ हळूहळू निम्मी झाली. कोशिंबिरीचं भांडं तेवढं मोठं, उसळ दोन चमचे. पनीरचे चार तुकडे घ्यायचे त्याचे दोन झाले. डबा उघडायचा कंटाळा यायला लागला तेव्हा तो मी सरळ शिपाईमावशींना देऊन टाकायची.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी जुनी, लग्नानंतरच्या पहिल्या वर्षातली पैठणी नेसले. ब्लाउज बसला! वाणाच्या आधी बायका विचारायच्या, "कुठलं डाएट गं?" मी पाचजणींना सांगितलं. त्यातली एक माझी धाकटी जाऊ, तिला मधुमेहाची गोळी चालू. तिचं पुढे सांगते.

फेब्रुवारीत न्हाणीच्या जाळीवर केसांचा गुंता साठायला लागला. मी पाण्याला दोष दिला. शरीराला धक्का बसला की केस लगेच गळत नाहीत, दोन-तीन महिन्यांनी गळतात. म्हणून तर फेब्रुवारीतल्या केसांचा आणि नोव्हेंबरातल्या डाएटचा मेळ कुणाला लागत नाही. भर मार्चच्या उन्हात मी स्टाफरूममध्ये पंख्याखालून उठून बसायची. थंडी वाजायची. पाळी दोन महिने आलीच नाही, ती वयामुळे असेल म्हटलं. अजिंक्यतारा किल्ल्याची चढण मी आधी गप्पा मारत चढायची, आता निम्म्यात कठड्यावर बसायला लागले. सासूबाई म्हणाल्या, "अगं, हातातल्या बांगड्या निघून पडतायत तुझ्या. दोन घास जेव की." मी म्हटलं, "आई, भूकच नाही." हे वाक्य मी किती अभिमानानं म्हणायची, ते आठवलं की आता लाज वाटते.

पाडव्याला गुढीला साखरेची गाठी बांधायला स्टुलावर चढले आणि डोळ्यांपुढे अंधार आला. शुद्धीवर आले तेव्हा हातात गाठीचे तुकडे, डोक्याला खोक आणि ह्यांचा चेहरा पांढराफटक. तीन टाके पडले.

दवाखान्यात झोपवून ब्लडप्रेशर घेतलं तेव्हा १०२, उभं करून घेतलं तर ८०. वीस किलोंच्या आसपास वजन उतरलं, खाणं निम्म्याहून खाली गेलं, पिष्टान्न तोडल्यानं लघवीवाटे मीठ जास्त गेलं, आणि गोळी मात्र ७७ किलोंच्या बाईचीच चालू. ती कमी करायला हवी हे मी कुणाला विचारलंच नव्हतं. हिमोग्लोबिन ९.२. डॉक्टरांनी खुर्चीत बसवलं आणि हाताचा आधार न घेता पाच वेळा उठायला सांगितलं. चौथ्यांदा माझ्या मांड्या थरथरल्या. ते म्हणाले, "बाई, वजन कमी झालं हे मला दिसतंय. पण काय कमी झालं?" चरबीबरोबर मांड्यांचे स्नायूही गेले होते.

मग ज्या आहारतज्ज्ञाकडे गेले, ती मुलगी माझ्या माजी विद्यार्थिनींच्या वयाची. तिनं आदल्या तीन दिवसांत काय काय खाल्लं ते वाटीच्या मापानं लिहायला लावलं आणि बेरीज माझ्याकडूनच करून घेतली. दिवसाला सहाशे कॅलरींच्या आत आणि प्रथिनं जेमतेम २२ ग्रॅम. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं (आयसीएमआर) २०२० मध्ये किलोमागं ०.८३ ग्रॅम प्रथिनांची शिफारस केली आहे, म्हणजे साठ किलोंच्या माणसाला पन्नास. वजन उतरवताना स्नायू टिकवायचे तर त्याहून थोडी जास्तच लागतात. आणि आठशे कॅलरींखालचा आहार डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय करायचाच नसतो. मी पाच महिने केला.

पुढे मी एका प्रयोगाबद्दल वाचलं. १९४४-४५ मध्ये अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज यांनी ३६ तरुणांना चोवीस आठवडे अर्धपोटी ठेवलं होतं. त्यांना ऐन उन्हाळ्यात थंडी वाजायची, ते चिडचिडे झाले, त्यांचं लक्ष कशात लागेना. वाचताना मी मलाच वाचत होते. फरक एवढाच, की ती मुलं दिवसाला साधारण १५७० कॅलरी खात होती, माझ्या अडीच पटीहून जास्त. आणि त्यांना भूक तरी लागत होती. मला माझ्या भुकेनं सावध केलंच नाही.

जाऊबद्दल. तिची गोळी स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला लावणारी. मी सांगितलं म्हणून तिनं दुपारचं जेवण सोडलं, गोळी तशीच घेतली. चार वाजता घाम फुटून ती ओट्याशीच बसली. लेकानं साखरेचं पाणी पाजलं म्हणून निभावलं. "ताई, तुमचं ऐकून केलं," एवढंच ती म्हणाली. मधुमेहाची किंवा ब्लडप्रेशरची गोळी चालू असणाऱ्यानं ताटात बदल करायच्या आधी डॉक्टरांना फोन करायचा. माझ्यासारख्या बाईला विचारायचं नाही.

आता मी काय करते ते सांगते. भुकेची वाट बघत नाही, घड्याळ बघते. शाळेत तास जसा घंटेवर बदलतो तसंच. सकाळी आठ, साडेअकरा, दुपारी चार, रात्री आठ. इच्छा असो वा नसो, चार घास तरी खायचेच. आणि कमी खाल्लं जातंय तर त्या थोड्यात जास्त ऐवज भरायचा. माझी सगळ्यात मोठी चूक ही होती, की काकडीनं, सूपनं आणि ताकानं पोट आधी भरायचं आणि उसळीला जागाच उरायची नाही. आता उसळ, अंडं, पनीर किंवा मासा आधी, कोशिंबीर मागून. पाणी जेवणाच्या आधी घटाघटा नाही. कोरडं खाववत नाही त्या दिवशी सातूचं पीठ घट्ट दह्यात कालवून घेते, वर मीठ-जिरं. सकाळी मुगाच्या डाळीचं धिरडं, त्यावर शेंगदाण्याची चटणी तेल घालून. तेलाला घाबरायचं नाही, अन्न जात नसेल तेव्हा चमचाभर तेल-तूप हेच सर्वांत छोट्या जागेत मावणारं बळ. पर्समध्ये फुटाण्याची पुडी. आणि अर्धी भाकरी परत आली आहे, तिच्यामुळे माझं वजन पुन्हा ७७ वर गेलेलं नाही.

वरणाबद्दल आपला एक गोड गैरसमज आहे. पातळ वरणाच्या एका वाटीत चार-पाच ग्रॅमच्या वर प्रथिनं नसतात. एका अंड्यात सहा, शंभर ग्रॅम पनीरमध्ये अठराच्या आसपास. तीन दिवस लिहून बेरीज केलीत तर तुमचं तुम्हालाच दिसेल, अंदाजानं मात्र नेहमी दुप्पट वाटतं.

पहिला पंधरवडा सोडून वजन आठवड्याला किलोपेक्षा जास्त उतरत राहिलं, तर कौतुक करू नका, ताट वाढवा. फार वेगानं वजन उतरलं की पित्ताशयात खडे होण्याचा धोकाही वाढतो. उठताना चक्कर, बद्धकोष्ठता, थंडी, चुकलेली पाळी, यांतलं काही असेल तर तपासून घ्या. आणि फार दिवस अगदी थोडं खाल्लं असेल तर एका दिवसात भरपूर खाऊन भरपाई करायला जाऊ नका. तेही धोक्याचं असतं, डॉक्टरांच्या सल्ल्यानंच हळूहळू वाढवायचं. हल्ली भूक घालवणारी इंजेक्शनंही आपल्याकडे आली आहेत, २०२५ पासून तर सर्रास नाव ऐकू येतं. ती वाईट म्हणत नाही मी, पण ती घेणाऱ्यांना हे घड्याळ माझ्यापेक्षाही जास्त लागेल.

खाणं नाकारल्यावर मनात जो एक विजयाचा गारवा येतो, तो येत असेल तर मात्र घरात कुणाला तरी सांगा. मी सांगितलं नव्हतं.

आज माझं वजन ६३ किलो आहे, पाडव्यापेक्षा पाचानं जास्त. भांगाजवळ बोटभर नवे केस उभे राहतात, ते बसत नाहीत. ब्लडप्रेशरची गोळी पूर्वीच्या निम्मी झाली. गेल्या मार्चमध्ये माझ्या गठ्ठ्यातला एकही पेपर परत आला नाही.