लीनतेवाचून ऐक्य नाही



दरवर्षी झावळ्यांच्या रविवारी दुसऱ्या वाचनात आपण फिलिप्पैकरांस पत्रातील एक उतारा ऐकतो (२:६-११). ख्रिस्त देवस्वरूप असूनही त्याने स्वतःला रिक्त केले, दासाचे रूप घेतले आणि क्रुसावरील मरण सोसले, असे संत पौल सांगतो. हा उतारा त्याने केवळ ख्रिस्ताची थोरवी गाण्यासाठी लिहिला नाही. तेथील श्रद्धावंतांनी एकदिलाने राहावे, ही त्याची तळमळ होती.

फिलिप्पै हे मासेदोनियातील शहर. इ. स. पूर्व ४२ मध्ये तेथे मोठी लढाई झाली. पुढे निवृत्त रोमन सैनिकांना जमिनी देऊन तेथे वसविण्यात आले. अशा गावात मान आणि हुद्दा यांना फार किंमत. ग्रीक भाषेत 'लीन' हा शब्द तर बहुधा हलक्या, दबलेल्या स्थितीसाठी वापरला जाई. तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटलच्या सद्‌गुणांच्या यादीतही लीनतेला जागा नाही. अशा लोकांना पौल सांगतो, की पोकळ डौलासाठी काही करू नका, दुसऱ्याला आपल्यापेक्षा श्रेष्ठ माना. ऐकणाऱ्यांना हे नक्कीच जड गेले असेल.

पत्राच्या शेवटी दोन नावे येतात: युवदीया आणि सुंतुखे (४:२-३). शुभवर्तमानासाठी दोघींनी पौलाबरोबर कष्ट घेतले होते. पण त्यांचे आपसांत पटत नव्हते. भांडण कशावरून झाले, हे पौल लिहीत नाही. चूक कोणाची, हेही सांगत नाही. तो दोघींना वेगवेगळी विनंती करतो. एकीला आधी वाक, असे म्हणत नाही. आणि आपल्या एका सोबत्याला तो या दोघींना साहाय्य करण्यास सांगतो. म्हणजे दोघांच्या भांडणात तिसऱ्याचेही कर्तव्य असते. आगीत तेल ओतणे हे ते कर्तव्य नव्हे!

मग लीनता म्हणजे अन्याय मुकाट्याने सोसणे का? नाही. याच फिलिप्पैमध्ये पौल व सीला यांना चौकशीविना फटके मारून तुरुंगात टाकले होते. दुसऱ्या दिवशी अधिकाऱ्यांनी त्यांना गुपचूप सोडून देण्याचे ठरविले. तेव्हा आपण रोमन नागरिक आहोत, त्यांनी स्वतः येऊन आम्हांला बाहेर न्यावे, असे पौलाने ठणकावून सांगितले (प्रे. कृ. १६:३७-३९). लीन मनुष्य सत्य सोडत नाही. 'माझेच खरे' हा हट्ट सोडतो. तसेच ऐक्य म्हणजे सर्वांचे मत एकच असणे नव्हे. मते निराळी असूनही एकमेकांना न तोडणे म्हणजे ऐक्य.

आता आपल्याकडे पाहू या. बांधावरून, वाटणीवरून, लग्नातल्या मानपानावरून सख्खे भाऊ वर्षानुवर्षे अबोला धरतात. सणाच्या मिरवणुकीत पुढे कोण, गायनवृंदात प्रमुख कोण, यावरून मने दुखावतात. आणि रविवारी आपण एकाच वेदीसमोर उभे राहतो, एकच ख्रिस्तशरीर स्वीकारतो. शांतीचे अभिवादन करताना मात्र एका विशिष्ट बाकाकडे नजर वळवायचे टाळतो. वेदीवर दान अर्पण करण्यापूर्वी भावाशी समेट करावा, ही प्रभूची आज्ञा (मत्तय ५:२३-२४) आपल्यासाठीच आहे.

समेटाला मोठा समारंभ लागत नाही. आजारपणात विचारपूस, वाटेत दोन शब्द, मयताच्या घरी जाऊन टेकवलेला गुडघा, एवढ्यानेही बंद दार किलकिले होते. मात्र पहिले पाऊल कोणी टाकायचे, याची वाट पाहत बसलो, तर आयुष्य निघून जाते. ख्रिस्ताने आपल्या पहिल्या पावलाची वाट पाहिली नाही.

या आठवड्यात कौटुंबिक प्रार्थनेच्या वेळी विचार करू या:

१. आपल्या घराचा कोणाशी अबोला आहे? पहिला शब्द आपण बोलू शकू का?

२. इतरांच्या भांडणात आपण पौलाच्या सोबत्यासारखे वागतो, की आग भडकवतो?

लीन व सौम्य अंतःकरणाचा प्रभू येशू आपल्या धर्मग्रामाला एकदिलाने राहण्याची कृपा देवो.