जागे राहू या, प्रार्थना करू या

अखेरच्या भोजनानंतर प्रभू येशू पेत्र, याकोब आणि योहान यांना घेऊन गेथशेमाने बागेत गेला (मत्तय 26:36-46). आपल्याबरोबर जागे राहावे, एवढेच त्याने त्यांच्याकडे मागितले. तीनदा तो परत आला आणि तीनदा त्याला ते झोपलेले आढळले. आपण प्रभूला कधीच नाकारणार नाही, असे पेत्राने त्याच रात्री छातीठोकपणे सांगितले होते. पण कोंबडा आरवण्यापूर्वी त्याने प्रभूला तीन वेळा नाकारले. पेत्राचे प्रेम खोटे नव्हते. त्याची तयारी नव्हती. प्रार्थनेची घटका त्याने झोपेत घालवली होती.

आपलेही असेच होते. मोह येणे हे पाप नव्हे. खुद्द प्रभू येशूला अरण्यात मोह झाला आणि प्रत्येक वेळी त्याने पवित्र शास्त्राच्या वचनाने सैतानाला उत्तर दिले. मोहाला आपण मनापासून होकार देतो, तेव्हा पाप घडते. म्हणून होकार देण्यापूर्वीच जागे होणे महत्त्वाचे आहे.

संत इग्नेशियस लोयोला हे मूळचे सैनिक. 1548 साली प्रसिद्ध झालेल्या 'आध्यात्मिक साधना' या ग्रंथात ते सांगतात, की सैतान हा सेनापतीसारखा असतो. तो किल्ल्याभोवती फिरून तटबंदी कोठे कच्ची आहे ते पाहतो आणि तेथेच हल्ला चढवतो. आपली कच्ची बाजू कोणती? कोणाची लग्नाच्या मांडवात हाती येणारा पेला, कोणाची जमिनीच्या बांधावरून भावाशी धरलेला अबोला, तर कोणाची घर झोपल्यावर हातात घेतलेला मोबाईल. ती बाजू आपण ओळखली नाही, तरी सैतानाने ती हेरलेली असते.

संत इग्नेशियस आणखी एक खूण सांगतात: मोहाला गुप्तता आवडते. जी गोष्ट आपण कोणालाही सांगू धजत नाही, तीच आपल्याला बांधून ठेवते. पापनिवेदनात धर्मगुरूंपुढे ती मोकळेपणाने मांडली, की तिचा जोर ओसरू लागतो.

यासाठी आपण रोज रात्री थोडा वेळ आत्मपरीक्षण करू या. प्रथम दिवसभराच्या कृपादानांबद्दल देवाचे आभार मानू या. आपली पापे ओळखण्यासाठी प्रकाश मागू या. दिवसाचा एकेक प्रहर आठवू या. जेथे चुकलो तेथे क्षमा मागू या आणि उद्यासाठी निश्चय करू या. कुटुंबाची रोजरी आटोपल्यावर हे सहज जमते.

पेत्र पडला, पण रडला आणि परत उठला. त्याच्याच नावाच्या पहिल्या पत्रात, सैतान गर्जणाऱ्या सिंहासारखा फिरत आहे, सावध असा, असा इशारा आपल्याला मिळतो (1 पेत्र 5:8). बागेत झोपलेला शिष्य पुढे ख्रिस्तसभेला जागवणारा झाला. हीच आपली आशा. या आठवड्यात निदान एक घटका आपण प्रभूबरोबर जागू या.