पराभवानंतरची पहिली सकाळ

आपला उमेदवार पडला की तुर्भे काय, ऐरोली काय, वस्ती सुन्न होते. अशा वेळी १९५२ साल आठवा. त्या वर्षी मुंबईत काजरोळकर निवडून आले. बाबासाहेब सुमारे १४ हजार मतांनी पडले. १९५४ साली भंडाऱ्यातही हार झाली. ते खचले का? १९५५ साली त्यांनी भारतीय बौद्ध महासभा स्थापिली, १९५६ साली नागपुरात लाखोंना दीक्षा दिली. १९५७ साली दादासाहेब गायकवाड नाशिकहून लोकसभेत गेले.

लाभ-अलाभ हे लोकधर्म; येतात, जातात. दुःखाला कारण असते, तसे पराभवालाही. एकमेकांना दोष न देता ते शोधा. मतदारयादीत कोणाचे नाव नव्हते? कोणत्या घरी आपण गेलोच नाही? आज मुलांचा अभ्यास घ्या, रविवारी विहारात या. जय भीम!