मोकळं टोक सोड, बेटा

बेटा, आता दवाखान्याचे नकाशे काढतेस म्हणे. मग गोंदियाकडेच बघ: मेडिकल कॉलेज २०१६ला सुरू झालं ते केटीएस आणि बाई गंगाबाई या जुन्या दवाखान्यांच्या आधाराने, आणि कुडव्याच्या नव्या इमारतीची पायाभरणी झाली २०२४ला. जुन्यात नवं कसं बसवतात, हे आपल्या नागरा गावाहून सायकलने जाऊन बघता येतं.

१. आधी सिस्टरच्या मागे फिर, मग पेन्सिल धर — कागदावरच्या स्टोअररूममध्ये खरं तर ड्रेसिंग चालतं, हे तिलाच ठाऊक असतं.

२. भार खांबांवर घे, आतल्या भिंतींवर नको — उद्या वॉर्डाचा आयसीयू करताना भिंत निघेल, छत हलणार नाही. आपल्या नागऱ्याच्या महादेवाचं देऊळ दगडावर दगड ठेवून उभं आहे, पण देवाला कुठे खाटा वाढवायच्या असतात!

३. नळ आणि वायरी भिंतीत गाडू नकोस, कॉरिडॉरमधून दार उघडेल अशा शाफ्टमधून ने — गाडलेला नळ फुटल्यावरच बोलतो, तोही पेशंटच्या उशाशी.

४. ऑक्सिजनची मुख्य लाइन आजच्या खाटांपुरती घेऊ नकोस — साध्या मास्कला मिनिटाला पाच-दहा लिटर पुरतात, हाय-फ्लो मशीन साठपर्यंत ओढतं. कोरोनात खाटा रातोरात वाढवता आल्या, पण बसवलेली लाइन रातोरात जाड होत नाही.

५. खोलीचं काम बदललं की विजेचा भार नव्याने मोज, धुराची आणि माणसांची बाहेरची वाट चालून बघ. ९ जानेवारी २०२१ला शेजारच्या भंडाऱ्यात नवजात कक्षाच्या आगीत दहा बाळं गेली — यावर मी तुझी थट्टा करणार नाही, आणि तूही घाई करू नकोस.

६. एमआरआयच्या खोलीची बाहेरची एक भिंत सुटी ठेव — काही टनांचं ते धूड दारातून येत नाही, आणि कधीतरी बदलावंच लागतं.

७. कॉरिडॉरचं एक टोक मोकळं सोड. लंडनच्या नॉर्थविक पार्कमध्ये जॉन वीक्स यांनी १९६०च्या दशकात लांब कॉरिडॉर घेतला आणि कडेच्या इमारतींना वाढायला वाव ठेवला. आपल्याकडे मोकळ्या टोकाला आधी स्कूटरस्टँड येतो, मग चहाची टपरी — म्हणून पुढचा ब्लॉक मंजूर नकाशातच ठिपक्यांनी काढून ठेव.

८. काम झालं की जसं बांधलं तसा नकाशा करून एक प्रत सिस्टर इनचार्जच्या कपाटात ठेव — ऑफिसातली प्रत मागितली की कपाटाची किल्ली रजेवर असते.