चि. रणजित यास : स्टोले सोलबाकेन यांच्या निमित्ताने



पत्रास कारण की, सरावाच्या वेळी रणजितला भोवळ आली, छातीत धडधड होऊन तो मैदानावरच खाली बसला आणि डॉक्टरांनी सांगितलेली हृदयाची तपासणी करून न घेता फुटबॉलच्या पुढच्याच सामन्यात पुन्हा मधल्या फळीत उतरला, हे वृत्त ताईकडून नव्हे तर तिसऱ्याच माणसाकडून मामाच्या कानी आले आहे. वृत्तात थोडी अतिशयोक्ती असेल असे गृहीत धरले तरी चिंता कमी होत नाही. कारण रणजितचे आजोबा, आबा, कोणत्या वयात आणि कसे गेले ते घरात सर्वांना ठाऊक आहे, आणि अकस्मात मृत्यूचा असा इतिहास असलेल्या कुटुंबात तरुण खेळाडूची भोवळ उन्हाच्या किंवा उपाशी पोटाच्या माथी मारून सोडून देता येत नाही.

या संदर्भात नॉर्वेचे स्टोले सोलबाकेन यांची कारकीर्द रणजितने नीट अभ्यासावी, कारण तेही त्याच्याच जागेवर, म्हणजे बचाव आणि आक्रमण यांना जोडणाऱ्या मधल्या फळीत खेळत असत. १९६८ साली जन्मलेले सोलबाकेन हामकाम आणि लिलेस्ट्रम या नॉर्वेतील संघांकडून खेळत पुढे आले. इंग्लंडमधील विम्बल्डन संघात व्यवस्थापकाशी न जमल्याने काही महिन्यांतच ते डेन्मार्कच्या ऑलबोर्ग संघात गेले, १९९९ साली त्या संघाबरोबर डॅनिश लीगचे विजेते ठरले आणि पुढे एफ. सी. कोपनहेगन या संघात दाखल झाले. देशासाठी ते ५८ सामने खेळले, त्यांत त्यांनी ९ गोल केले, आणि १९९८ च्या विश्वचषकासाठी व २००० च्या युरो स्पर्धेसाठी निवडलेल्या नॉर्वेच्या संघांत त्यांचा समावेश होता. म्हणजे दमसास, शिस्त आणि अनुभव यांपैकी कशाचीही उणीव त्यांच्यापाशी नव्हती.

असे असूनही १३ मार्च २००१ रोजी कोपनहेगनच्या सरावात ते कोसळले आणि त्यांचे हृदय थांबले. हृदयविकाराच्या झटक्यात हृदयाला रक्त पुरवणारी वाहिनी तुंबते, तर हृदय असे अचानक थांबते तेव्हा ठोके पाडणारी विद्युत लयच बिघडते, मेंदूला रक्त मिळेनासे होते आणि काही मिनिटांत उपचार न झाल्यास माणूस हाती लागत नाही. संघाचे डॉक्टर फ्रँक ओडगार्ड मैदानातच होते. त्यांनी तत्काळ छाती दाबण्यास आरंभ केला, आणि वैद्यकीय दृष्ट्या मृत गणले गेलेले सोलबाकेन सुमारे सात मिनिटांनी, रुग्णालयाच्या वाटेवर, परत आले. त्यांच्या हृदयात दोष होता आणि तोवर तो कोणालाही आढळला नव्हता. रणजितच्या पेठेच्या संघाच्या सरावाला डॉक्टर हजर असतो काय, झटका देऊन हृदयाची लय पूर्ववत करणारे यंत्र तेथे असते काय, आणि छाती कशी दाबावी हे संघातील एकाला तरी येते काय, याचे उत्तर रणजितने मामाला नव्हे, स्वतःला द्यावे.

ख्रिश्चन एरिक्सनचा दाखला रणजित पुढे करील, याची मामाला कल्पना आहे. १२ जून २०२१ रोजी कोपनहेगनच्याच पार्केन मैदानावर फिनलंडविरुद्धच्या सामन्यात तो डॅनिश खेळाडू असाच कोसळला आणि पुढच्या वर्षी इंग्लंडमध्ये पुन्हा खेळू लागला, हे खरे आहे. परंतु लय बिघडताच आपोआप झटका देणारे उपकरण छातीत बसवून आणि सर्व तपासण्या पार पाडून तो परतला, आणि त्या उपकरणासह खेळण्यास इटलीच्या नियमांत मुभा नसल्याने त्याला तेथील संघ सोडावा लागला, हेही तितकेच खरे आहे. तपासणी टाळून मैदानात उतरणे आणि अहवाल हाती घेऊन उतरणे यांतला फरक आबांच्या नातवाला कळला नाही, आणि हे पेठापेठांतील संघांच्या ईर्षेपायी झाले असेल तर ती ईर्षा काय कामाची?

सोलबाकेन यांना पेसमेकर, म्हणजे ठोक्यांची गती सांभाळणारे यंत्र, बसवण्यात आले आणि वैद्यकीय सल्ल्याने त्यांनी खेळणे थांबवले. मात्र त्यांचे फुटबॉल तेथे संपले नाही. हामकामचे प्रशिक्षक होऊन त्यांनी तो संघ २००३ साली वरच्या श्रेणीत नेला. २००६ पासून कोपनहेगनला एकामागून एक विजेतेपदे मिळवून दिली, आणि २०१०-११ च्या मोसमात तो संघ चॅम्पियन्स लीगच्या बाद फेरीत पोहोचणारा पहिला डॅनिश संघ ठरला. प्रत्येकाने प्रतिस्पर्ध्यामागे न धावता आपापला टापू राखावा, ही मांडणी त्यांनी तेथे रुजवली. पुढे जर्मनीतील कोलोन आणि इंग्लंडमधील वुल्व्ह्‌ज या दोन्ही संघांनी त्यांना मोसम पुरा होण्याआधीच काढून टाकले, तरी ते कोपनहेगनला परतले, पुन्हा जिंकले आणि २०२० च्या अखेरीस नॉर्वेचे राष्ट्रीय प्रशिक्षक झाले. १९९८ नंतर नॉर्वेला विश्वचषकाचे दार उघडले नव्हते. नोव्हेंबर २०२५ मध्ये मिलानमध्ये इटलीला ४-१ असे हरवून त्यांच्या संघाने ते उघडले. खेळाडू म्हणून जे दार त्यांनी पाहिले होते, त्याच दारापाशी ते छातीतील यंत्रासह दुसऱ्या वाटेने पोहोचले.

मामाच्या वाट्याला अशी दुसरी वाट आली नाही, असे घरात म्हटले जाते, आणि ते अर्धेच खरे आहे. गुडघा जाऊन खेळ सुटल्यानंतर त्याने कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमकडे जाणारा रस्तासुद्धा टाळला. तालमीतील पोरांना शिकवायला ये, असे जुने सोबती सांगत राहिले, तेव्हा ज्याला खेळता येत नाही त्याने मैदानात काय करायचे, असे तो म्हणत असे. ती वर्षे पोरांच्या संगतीत गेली असती तर आज मनाला जी रुखरुख लागते ती लागली नसती, आणि कदाचित रणजितला पहिला चेंडू कसा थांबवावा हेही मामाकडूनच शिकता आले असते.

एवढे रागावून लिहिले तरी रणजितने खेळ सोडावा, असे मामाचे म्हणणे नाही. बहुतेक वेळा अशा तपासणीतून काही निघत नाही आणि पोरगा हसत मैदानात परततो. ईसीजी आणि हृदयाची सोनोग्राफी, जिला इको म्हणतात, यांना वेळही फार लागत नाही. मात्र तोवर सराव नको, इतकेच मागणे आहे, आणि आबांची हकीकत डॉक्टरांपासून लपवू नये. येत्या रविवारी मामा कोल्हापुरास येत आहे. सोमवारी दोघांनी मिळून दवाखान्यात जावे, आणि खोलीबाहेर बसून राहण्याचे काम मामाकडे असावे. अहवाल कसाही आला तरी रणजितला कोणी बोल लावणार नाही, ताईलाही तसे बजावले आहे. तो खेळतो म्हणून घरात लाडका आहे असे त्याला कधी वाटले असेल, तर ते मनातून काढून टाकावे. चालता येत नव्हते तेव्हाही तो तितकाच लाडका होता. आज रात्री त्याने आईजवळ बसून जेवावे आणि भोवळीची गोष्ट तिला स्वतःच्या तोंडाने सांगावी. ती रडली तर रडू द्यावे.

मामाचे आशीर्वाद.