दिव्याखाली अंधार

उर्दूत आपण ‘चिराग तले अंधेरा’ म्हणतो. मराठीत त्यालाच ‘दिव्याखाली अंधार’ म्हणतात. माझ्या लहानपणी ही म्हण आमच्या घरी रोज खरी होत असे. आमचे गाव बीड जिल्ह्यात, परळी वैजनाथजवळ. गच्चीवर गेले की औष्णिक विद्युत केंद्राच्या उंच चिमण्या दिसत. त्या केंद्राचा पहिला संच 1971 साली सुरू झाला. तो 30 मेगावॉटचा होता. पुढे 210 मेगावॉटचे मोठे संच आले. 210 मेगावॉट म्हणजे 21 कोटी वॉट! आणि आमच्या घरातला बल्ब मात्र संध्याकाळी पिकल्या लिंबासारखा पिवळा दिसे.

अम्मीची विजेची शेगडी तर दिवेलागणीला रुसूनच बसे. दुपारी जिच्यावर चहा पटकन होई, तिच्यावर संध्याकाळी पाणी नुसते कोमट होई. शेगडी बिघडली असे समजून अम्मीने ती दुरुस्तीला पाठवली. कारागिराने कॉईलचा थोडा तुकडा कापला आणि उरलेली कॉईल ताणून बसवली. त्या संध्याकाळी शेगडी लालभडक झाली. अम्मी खूश! पण रात्री अकरा वाजता तिने दूध तापायला ठेवले, तेव्हा घरात जळका वास पसरला. सॉकेट वितळून काळे पडले होते. फ्यूज उडालाच नव्हता, कारण कोणीतरी त्यात जाड तार गुंडाळून ठेवली होती. अब्बांनी धावत जाऊन मेन स्विच बंद केला, म्हणून निभावले.

असे का झाले? चला, हिशेब करू. आकडे मी सोपे घेतले आहेत.

तारेतून वाहणारी वीज म्हणजे विद्युतधारा, आपली ‘बर्की रौ’. ती अँपिअरमध्ये मोजतात. तिला पुढे ढकलतो तो विद्युतदाब. तो व्होल्टमध्ये मोजतात. तार या धारेला जो अडथळा करते तो रोध, म्हणजेच ‘मुजाहमत’. त्याचे एकक ओहम. हे नाव जॉर्ज ओहम या जर्मन शिक्षकाचे आहे. कुलपे बनवणाऱ्याचा हा मुलगा शाळेत शिकवत असतानाच तारांवर प्रयोग करी. त्याचे पुस्तक 1827 साली निघाले, तेव्हा त्याची फारशी कदर झाली नाही. 1841 साली मात्र लंडनच्या रॉयल सोसायटीने त्याला कोपली पदक दिले. मी स्वतः शिक्षक असल्यामुळे मला हा माणूस फार जवळचा वाटतो.

दाबाला धारेने भागले की रोध मिळतो. दाबाला धारेने गुणले की शक्ती मिळते, ती वॉटमध्ये. दुपारी दाब 230 व्होल्ट आणि शेगडीतील धारा 4.6 अँपिअर होती असे धरा. रोध 230 ÷ 4.6 = 50 ओहम. शक्ती 230 × 4.6 = 1058 वॉट.

संध्याकाळी दाब 184 व्होल्टवर आला. शेगडी तीच, म्हणून रोध 50 ओहमच. धारा 184 ÷ 50 = 3.68 अँपिअर आणि शक्ती 184 × 3.68 = सुमारे 677 वॉट. पाहिलेत ना? दाब फक्त पाचव्या हिश्श्याने घटला, पण शक्ती तिसऱ्या हिश्श्याहून अधिक गेली! दाब घटला की धाराही घटते, म्हणून तोटा दोन्ही बाजूंनी होतो. शेगडी बिघडलेली नव्हतीच.

मग दाब गेला कुठे? आमचे घर लाईनीच्या शेवटच्या टोकाला होते. गावातल्या तारेलाही रोध असतो. तो 1 ओहम माना. संध्याकाळी सगळ्या घरांची मिळून 46 अँपिअर धारा तिच्यातून वाहिली, तर 46 × 1 = 46 व्होल्ट तारेतच खर्च झाले. शक्ती किती? 46 × 46 = 2116 वॉट. म्हणजे दोन शेगड्यांची उष्णता खांबावरच्या तारांतून हवेत चालली होती!

कारागिराने कॉईल कापली तेव्हा तिचा रोध 50 वरून 32 ओहम झाला. आता 184 व्होल्टवर धारा 5.75 अँपिअर आणि शक्ती पुन्हा 1058 वॉट. म्हणून अम्मी खूश. पण रात्री लोक झोपले, तारेवरचा भार कमी झाला आणि दाब 230 वर परतला. धारा 230 ÷ 32 = सुमारे 7.2 अँपिअर, शक्ती सुमारे 1650 वॉट. सॉकेट होते 5 अँपिअरचे. योग्य तारेचा फ्यूज असता तर तो आधी वितळला असता. तेच तर त्याचे काम!

एक सावधगिरी. हाच हिशेब जुन्या पिवळ्या बल्बला लावताना फसाल. शेगडीच्या नायक्रोम तारेचा रोध तापल्यावर फारसा बदलत नाही, पण बल्बातील टंगस्टनच्या तारेचा रोध तापल्यावर दहा पटींहूनही वाढू शकतो. म्हणून बल्बचा रोध तो पेटलेला असतानाच्या दाबावरून आणि धारेवरून काढावा.

आता हे उदाहरण सोडवा. एक इस्त्री 230 व्होल्टवर 2 अँपिअर धारा घेते. तिचा रोध व शक्ती काढा. मग दाब 184 व्होल्ट धरून धारा व शक्ती पुन्हा काढा. घरातील फ्यूजमध्ये कोणती तार आहे, हेही मोठ्यांना विचारून वहीत लिहा. स्वतः फ्यूजला हात लावू नका.